खांब चालायला लागले की समजावं : इंग्रजी लिखाणातली बिघडलेली रूपकं

शाईचा_डाग
गेली चौदा वर्षं मी लोकांचं इंग्रजी तपासून देते. शोधनिबंध, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून ओळखीतल्या मुलांचे एसओपी (परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबतचा 'मला हे का शिकायचंय' सांगणारा निबंध). स्पेलिंग, आर्टिकल वगैरे आता सॉफ्टवेअरच पकडतं, त्यामुळे माझ्या वाट्याला उरलंय ते वेगळंच दुखणं. वाक्य व्याकरणात चोख असतं, पण डोळ्यांपुढे आणलं तर सर्कस दिसते.

मागच्या आठवड्यात भाचीचा एसओपी आला. अमेरिकेत एमएसला अर्ज करतेय. पहिलंच वाक्य:

"माय फादर प्लांटेड द सीड ऑफ कोडिंग इन मी, अँड दॅट स्पार्क हॅज स्नोबॉल्ड इनटू अ बर्निंग पॅशन."

बापाने बी पेरलं. बीची ठिणगी झाली. ठिणगी बर्फाच्या गोळ्यासारखी गडगडत मोठी झाली आणि शेवटी त्या गोळ्याने पेट घेतला. मी तिला म्हटलं, याचं चित्र काढून दाखव. ती म्हणाली, "मावशी, सगळे असंच लिहितात गं." तेही खरंच आहे. त्यातला एकेक तुकडा आपण हजारदा वाचलेला असतो, म्हणून लिहिताना कुणाला काही दिसतच नाही.

माझा अनुभव असा की रूपक नामात बसलेलं असतं आणि बिघडतं क्रियापदात. "फोर पिलर्स ड्राइव्ह अवर ग्रोथ" हे मी किमान तीन कंपन्यांच्या अहवालांत वाचलंय. पिलर म्हणजे खांब. खांबाने भार पेलावा, गाडी हाकू नये. शोधनिबंधांत "अ गॅप इन द ग्रोइंग बॉडी ऑफ लिटरेचर" असतंच असतं. वाढत्या अंगाला पडलेलं भोक! पुढे त्या भोकावर प्रकाश टाकतात, आणि तो प्रकाश म्हणे रस्ता तयार करतो.

दुरुस्त करताना मी आधी रूपक काढून टाकून बघते. बहुतेक वेळा वाक्याचं काहीच बिघडत नाही, उलट ते सुटसुटीत होतं. काढल्यावर खरंच काही हरवलं असं वाटलं, तर एकच चित्र ठेवते आणि क्रियापद त्या चित्रातलंच घेते. खांब असतील तर ग्रोथ त्यांच्यावर "रेस्ट" करू दे.

तुम्हाला भेटलेले नमुने टाका, आणि कसे दुरुस्त केलेत तेही सांगा. हा प्रश्न एकदा ऐरणीवर आणून त्याची पाळंमुळं खणून काढू.

आगाऊ_कार्टं
पयला नंबर!
आमच्या मॅनेजरचं सोमवारचं वाक्य, शब्दशः: "लेट्स ड्रिल डाउन ऑन द लो-हँगिंग फ्रूट." फळ लोंबतंय आणि हा त्याला गिरमिट लावतोय. दुरुस्ती केली नाही. अप्रेझल जवळ आलंय.

बागवाला_देवगड
ते लो-हँगिंग फ्रूट मुळातच चुकलेलं आहे, ड्रिल नंतर आलं. हाताला येणारा आंबा आधी काढायचा असं कुठल्या बागेत चालतं? आम्ही तयार झालेला आधी काढतो. फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार, झालं की उतरवायचं, मग ते हाताशी असो की शेंड्याला. शेंड्याचं झेल्याने काढायचं. खालचं कोवळं फळ केवळ हाताला लागतंय म्हणून तोडलंत, तर ते आढीत घालूनही धड पिकणार नाही, सुरकुतेल. ऑफिसातले लोक सोपं काम आधी करा असं सांगतात, पण बागेतलं खरं गणित सोप्या-अवघडाचं नाहीच, तयारीचं आहे.

शाईचा_डाग
बागवाले, हे भारी आहे! म्हणजे वाक्यात रूपक नीट बसलेलं असलं तरी ज्या वस्तूवरून घेतलं तिच्या धंद्यात ते खोटं ठरतं. हा प्रकार माझ्या लक्षातच आला नव्हता.

लोहाराचा_नातू
मग माझाही एक घ्या. आजोबांचा भाता मी पाहिलाय, आता माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. इंग्रजीत "द हॅमर अँड द अँव्हिल" लिहितात, त्यात ऐरण बिचारी मार खाणारी असते. जॉर्ज ऑरवेलने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषेवर निबंध लिहिला, त्यात त्याने नेमकं यावरच बोट ठेवलंय. प्रत्यक्षात ऐरणच हातोड्याला फोडते, उलटं कधी होत नाही. लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून विचार केला असता तर त्याला हे कळलं असतं, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे हातोड्याचे दांडे किती बदलले, टाळकी किती झिजली याचा हिशोब नाही. ऐरण मात्र आजोबांचीच आहे.

आणि धागाकर्तीबाई, राग मानू नका. प्रश्न ऐरणीवर आणून त्याची पाळंमुळं खणणार म्हणता. ऐरणीवर तापलेलं लोखंड येतं. त्याला पाळंमुळं कुठून फुटली? :)

शाईचा_डाग
😳 मुद्दाम टाकलं होतं, असं म्हणायची फार इच्छा आहे. पण नाही. नकळतच आलं. राहू दे तसंच, नमुना म्हणून.

आगाऊ_कार्टं
दिव्याखाली अंधार!

ओळंबा
संस्कृतवाल्यांनी हे फार आधी करून ठेवलंय. भामह या जुन्या काव्यशास्त्रकाराच्या काव्यालंकार ग्रंथात उपमेचे सात दोष सांगितलेत, आणि ते आपल्याही आधीच्या मेधावी नावाच्या आचार्याचे आहेत असं तो म्हणतो. हीनता, असंभव, लिंगभेद, वचनभेद, विपर्यय, उपमानाचं आधिक्य आणि असदृशता.

शाळेत आपण उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधारण धर्म (दोघांतला समान गुण) आणि साधर्म्यवाचक शब्द असे चार भाग पाठ केले. दहा मार्कांचा प्रश्न. इंग्रजी वाक्य तपासायलाही तीच पट्टी लावता येते. "हर टिअर्स फेल लाइक अ पर्ल" घ्या. अश्रू अनेक, मोती एक, म्हणजे वचनभेद. "पर्ल्स" केलं की भागलं. "ब्लड फ्लोड लाइक केचप" ही हीनता. गंभीर प्रसंगाला वडापावच्या गाडीवर आणून बसवलं. उलट टोक म्हणजे ऑफिसातल्या नव्या प्रिंटरला हिमालयावर नेऊन ठेवायचं, ते आधिक्य. असदृशता सगळ्यात जास्त आढळते. साधारण धर्मच सापडत नाही. "हिज व्हॉइस वॉज लाइक अ विंडो." बरं मग? उघडी होती, की धूळ बसली होती? इथे तो धर्म सांगितला तर उपमा वाचते, नाहीतर काढून टाकावी.

इंग्रज टीकाकार आय. ए. रिचर्ड्सने १९३६ साली उपमेयाला टेनर आणि उपमानाला व्हेइकल अशी नावं दिली. आपल्याकडे ही जोडी केव्हापासून आहे!

आगाऊ_कार्टं
लिंगभेद इंग्रजीत कसा लावणार हो ओळंबाकाका? टेबल तो, टेबल ती, टेबल ते... तिथे सगळंच इट.

ओळंबा
नाही लागत. तो सोडून द्यायचा. काका म्हणू नकोस, चाळिशीही आलेली नाही.

एक मात्र राहिलं. दंडी या आणखी एका संस्कृत आचार्याने काव्यादर्शात या यादीची धार बरीच बोथट केली. तो म्हणतो, लिंग किंवा वचन वेगळं असलं, उपमान हीन किंवा अधिक असलं, तरी जाणत्या वाचकाला जिथे खटकत नाही तिथे तो दोष धरू नये. म्हणजे शेवटी कसोटी कानाची.

वक्ररेषा
कानाची कसोटी साहित्यात ठीक. तांत्रिक लिखाणात नाही चालणार. "स्टीप लर्निंग कर्व्ह" म्हणजे शिकायला अवघड असं लोक लिहितात. आलेख काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर कौशल्य. चढ जितका उभा, तितकं शिकणं जलद. म्हणजे अर्थ बरोब्बर उलटा! "क्वांटम लीप"चंही तेच. भौतिकशास्त्रातली ती उडी अणूच्या आतली, आणि वर्तमानपत्रात ती प्रचंड झेप. मी ज्युनिअर लोकांच्या रिपोर्टांतून दोन्ही सरसकट खोडतो.

शाईचा_डाग
क्वांटम लीपचा अर्थ मोठी उडी असा न घेता "मधल्या पायऱ्या नसलेली उडी" असा घेतला तर तो तितकासा चूक नाही. आणि लर्निंग कर्व्ह वाचताना कुणाच्या डोळ्यांपुढे आलेख येत नाही, डोंगराचा चढ येतो. उभा चढ अवघडच असतो.

वक्ररेषा
कर्व्ह लिहिलंय, हिल नाही.

शाईचा_डाग
ते रूपक मेलंय हो. मेलेल्याचा पंचनामा किती करायचा? आपण "प्रश्न सुटला" म्हणतो तेव्हा कुणाला गाठ दिसते का? मात्र मेलेलं रूपक शेजारी जिवंत रूपक आलं की उठून बसतं, तेव्हा सांभाळावं. "बर्निंग इश्यू" एकटा असेल तर जाऊ देते. तो "बॅक बर्नर"वर ठेवला की मग पेन्सिल उचलते.

वक्ररेषा
ठीक, या मुद्द्यावर आपलं जमणार नाही. पण बॉटलनेकवर तरी जमेल. "द बिगेस्ट बॉटलनेक" असं लिहितात. बाटलीची मान जितकी मोठी, तितका प्रवाह सुरळीत. अडचण सांगायची तर मान अरुंद हवी. सर अर्नेस्ट गौवर्स यांनी ब्रिटिश सरकारी नोकरांसाठी १९४८ साली प्लेन वर्ड्स लिहिलं, त्यात टार्गेट, सीलिंग, बॉटलनेक अशा रूपकांच्या या गमतीजमती आहेत. टार्गेट तर आपल्या बँकवाल्यांचं लाडकं. "वुई क्रॉस्ड द टार्गेट." नेम धरलेल्या निशाणाला ओलांडून गेलात म्हणजे चुकलातच की!

लोहाराचा_नातू
बॉटलनेकला "वर्स्ट" लावा, "मेन" लावा. बिगेस्ट नको. पटलं.

मुक्काम_एडिसन
न्यू जर्सीहून नमस्कार. इथे ऑफिसात निम्मी रूपकं बेसबॉलची. पहिल्या वर्षी मला कुणी म्हणालं, "समबडी हॅज टू स्टेप अप टू द प्लेट." मी ताटच समजलो. जेवणाची सुट्टी होती, समजूत पक्की झाली. ती प्लेट म्हणजे होम प्लेट, जिच्याशेजारी बॅट घेऊन उभं राहतात, हे सहा महिन्यांनी कळलं.

गंमत म्हणजे आपण भारतीय त्यात क्रिकेट कालवतो. माझाच मेल: "द क्लायंट थ्रू अस अ गुगली फ्रॉम लेफ्ट फील्ड." गुगली लेगस्पिनरची, लेफ्ट फील्ड बेसबॉलच्या मैदानातलं. वरिष्ठ गोऱ्या बाईंनी विचारलं, गुगल कशाला मध्ये आलं?

तेव्हापासून दोन नियम केले. वाचणाऱ्याला तो खेळ माहीत नसेल तर त्या खेळाचं रूपक वापरायचं नाही. आणि वापरलंच तर सामना संपेपर्यंत खेळ बदलायचा नाही.

बागवाला_देवगड
स्टिकी विकेट तरी आता कुणाला कळते? पावसात भिजलेली आणि मग उन्हाने सुकत आलेली खेळपट्टी, चेंडू कसाही उडायचा. आता पिच झाकून ठेवतात. वस्तू गेली, शब्द राहिला.

अर्धी_तिकीट
मग शेक्सपिअरचं काय करायचं? हॅम्लेट म्हणतो, "टेक आर्म्स अगेन्स्ट अ सी ऑफ ट्रबल्स." समुद्रावर शस्त्र उचलतोय. धागाकर्तीच्या पेन्सिलीला हे सापडलं तर?

शाईचा_डाग
पेन्सिल आधी उचलून झालेली आहे! अलेक्झांडर पोपने "सी"च्या जागी "सीज", म्हणजे वेढा, असं सुचवलं होतं. वेढ्याविरुद्ध शस्त्र उचलणं तर्काला धरून झालं असतं. पण लोकांनी समुद्रच ठेवला, आणि मला वाटतं बरं केलं. तलवार घेऊन लाटांवर धावून जाणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. व्यर्थ, वेडसर, केविलवाणा. हॅम्लेट त्या क्षणी असाच आहे. म्हणजे चित्र जुळत नाही असं नाही, ते चित्र दिसतं आणि त्याचा अर्थही लागतो. भाचीच्या पेटलेल्या बर्फाचा अर्थ लावून दाखवा.

अर्धी_तिकीट
तिच्या वडिलांनी पाठवलेली फी जळतेय. ;)
बाकी, नाटकात पात्र बोलतं आणि एसओपीत आपण स्वतः बोलतो, हा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पात्राला बिघडलेलं रूपक मुद्दाम देता येतं. माझ्या एका इंग्रजी एकांकिकेत नगरसेवकाच्या तोंडी मी ढीगभर घातलीत. अठराव्या शतकातल्या आयरिश संसदेत सर बॉयल रोश नावाचे सदस्य होते, त्यांच्या नावावर सांगतात ते भाषण असं: मला उंदराचा वास येतोय, तो हवेत आकार घेताना आणि आभाळ काळवंडून टाकताना दिसतोय, पण मी त्याला कळीतच खुडीन. खरोखर बोलले की लोकांनी त्यांच्या नावावर खपवलं, देव जाणे. पण ते एक भाषण ऐकून माणूस सबंध उभा राहतो.

नाराज_नागरिक
मराठी संकेतस्थळावर इंग्रजीच्या चुकांचं एवढं कौतुक कशाला? आपली वर्तमानपत्रं वाचा. "घोटाळ्याच्या हिमनगाचं टोक उघडकीस, पाळंमुळं खणून काढणार." हिमनग पाहिलाय का कुणी पश्चिम महाराष्ट्रात?

ओळंबा
मुद्दा रास्त आहे. हिमनगाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो एवढीच त्यातली गंमत, आणि तीही पुस्तकातून आलेली. मराठीचा वेगळा धागा काढा, मी येतोच. भांडायलाही येईन.

बदलीवरचा
बँकेच्या नोकरीत तीन वर्षं भुवनेश्वरला काढली, म्हणून हे लिहितो. आपल्या इंग्रजी पेपरांच्या क्रीडा पानावर दर मोसमात "जगरनॉट डिरेल्ड" असतं. जगरनॉट म्हणजे आपला जगन्नाथच. पुरीच्या रथावरून इंग्रजीत शब्द गेला. चाकाखाली सगळं चिरडत जाणारी अनावर शक्ती असा अर्थ त्याला चिकटला तो युरोपीय प्रवाशांच्या वर्णनांमुळे. चौदाव्या शतकात ओडोरिक नावाचा ख्रिस्ती साधू भारतात येऊन गेला, त्याच्यापासून ती वर्णनं सुरू होतात.

मी रथयात्रा पाहिली. जगन्नाथाच्या नंदीघोषाला सोळा लाकडी चाकं. माणसं दोरखंडांनी ओढतात. थांबत थांबत जातो तो. गर्दी इतकी, की रथ पुढे सरकला याचाच जल्लोष होतो. रूळ नाहीत, तर डिरेल कुठून होणार? आणि अनावर तर मुळीच नाही, ओढणाऱ्यांनी हात सोडले की जागच्या जागी उभा.

दुरुस्ती म्हणाल तर क्रियापद बदलून "हॉल्टेड" करता येईल. पण मी शब्दच टाळतो. ज्यांनी तो दोर धरलाय त्यांच्यापुढे त्या अर्थाने वापरायला जीभ रेटत नाही.

आगाऊ_कार्टं
+१. इतका चांगला प्रतिसाद आणि मला यावर एकही विनोद सुचत नाहीये.

मुक्काम_एडिसन
एक प्रकार राहिला, ऐकून लिहिण्याचा. घोड्याचा लगाम तो रेन, आणि राजाची राजवटही रेन. "फ्री रेन" म्हणजे लगाम सैल सोडणे, पण लोक राजवटीचं स्पेलिंग करतात. तसंच "टो द लाइन". पायाचं बोट रेघेला लावून उभं राहायचं, तर लोक दोर बांधून रेघ ओढत नेतात. या वाक्प्रचारावर ऑरवेलनेही बोट ठेवलंय. माझ्या मुलीच्या शाळेच्या निबंधात दोन्ही सापडले.

ओळंबा
देवनागरीत दोन्ही "रेन" सारखेच आणि दोन्ही "टो"सुद्धा. इथे चूक करूनच दाखवता येत नाही!

ऐकण्यातून होणाऱ्या अशा चुकीला एगकॉर्न म्हणतात. एकॉर्न म्हणजे ओकचं फळ, ते कुणीतरी एग आणि कॉर्न असं ऐकलं. २००३ साली जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञाने सुचवलेलं नाव. मला या चुकांबद्दल थोडी मायाच वाटते. ज्याने राजवटीचं स्पेलिंग केलं त्याला घोडा दिसला नाही, पण काहीतरी तर दिसलं. मोकळी सत्ता दिसली. पिलर ड्राइव्ह करतात असं लिहिणाऱ्याला काहीच दिसलेलं नसतं.

वक्ररेषा
ते एसओपीचं पुढे काय झालं? नुसती चूक दाखवून सोडू नका.

शाईचा_डाग
सांगते. तिला विचारलं, बाबांनी बी पेरलं म्हणजे नक्की काय केलं? तर म्हणाली, बाबांचं सायकलचं दुकान आहे, उधारीची वही ते हाताने लिहायचे. आठवीत असताना तिने शाळेत शिकलेल्या जेमतेम कोडवर ती वही कॉम्प्युटरवर घेतली. पहिल्याच दिवशी बेरीज चुकली, आणि एका गिऱ्हाइकाला बाबांनी चाळीस रुपये परत दिले. आता पहिलं वाक्य हेच आहे. बी नाही, ठिणगी नाही, बर्फ नाही.

तिची तक्रार होती की फार कोरडं झालं. म्हणून एक उपमा ठेवलीय, पण ती तिची स्वतःची. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मॉडेल ट्यून करताना एक पॅरामीटर हलवला की चूक दुसरीकडे निघायची. ती लिहिते, हे बाबांनी चाकाचा आउट काढण्यासारखं होतं. एक आरा आवळला की डगमग पुढच्या आऱ्यापाशी सरकते, म्हणून चाक फिरवत फिरवत थोडं थोडं आवळायचं.

अर्धी_तिकीट
व्वा. ही मी चोरणार.

ओळंबा
साधारण धर्म सापडतो, वचन जुळतं, हीन नाही की अधिक नाही. भामह पास करेल. फक्त अमेरिकेतल्या प्राध्यापकाला आउट काढणं कळेल ना?

शाईचा_डाग
इंग्रजीत त्याला "ट्रूइंग अ व्हील" म्हणतात, आणि काय करतात ते अर्ध्या वाक्यात दिलंय. सायकल तिकडेही आहेच.

लोहाराचा_नातू
एक शंका. नुसतं आवळून आउट निघत नाही. रिम ज्या बाजूला झुकलीय तिच्या समोरच्या बाजूचा आरा आवळायचा आणि झुकलेल्या बाजूचा तितकाच ढिला करायचा. नाहीतर आरे ताणत जातात आणि चाक अंड्यासारखं होतं. पॅरामीटरचं पण तसंच असतं का? असेल तर तेही लिहायला सांगा.

शाईचा_डाग
विचारते. ती आत्ता दुकानातच आहे.